पुढचा पाय टेकतो तेव्हा

कापूस वेचून होतो, पऱ्हाटी उपटली जाते आणि मोकळ्या वावरांत, शाळेच्या पटांगणांत टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. प्रत्येक गावात एखादा पोट्टा असतोच, ज्याचा बॉल हातातून सुटताना दिसतो आणि त्यानंतर एकदम कीपरच्या हातातच दिसतो. त्याला धुऱ्यावरून एकच सल्ला मिळतो: "खांदा लाव, खांदा!" तो बिचारा दोन वर्षं खांदा लावत राहतो आणि एकोणिसाव्या वर्षी कंबर धरून बसतो. हे लिखाण त्याच्यासाठी आहे, आणि त्याहून जास्त त्याला सल्ला देणाऱ्यांसाठी.

भरधाव बंडीचं चाक दगडाला अडलं की काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बंडी जागेवर थांबते आणि वरची पोती पुढे उडतात. फास्ट बॉलिंगचं मूळ तत्त्व एवढंच आहे. रनअपमधून अंगाला आलेली गती पुढचा पाय रोवून अडवायची. पाय थांबला की कंबर पुढे फिरते, कंबर मंदावली की छाती पुढे येते, छातीमागून खांदा, मग हात, सगळ्यात शेवटी मनगट आणि बोटं. खालचा जड भाग थांबताना आपली गती वरच्या हलक्या भागाला देऊन टाकतो, म्हणून वर जाता जाता वेग वाढत जातो. खांदा या साखळीतली उशिराची कडी आहे. खालून काही आलंच नाही तर त्याला एकट्याला राबावं लागतं, आणि तो लवकर दमतो, दुखतो.

आकड्यांत सांगायचं तर ताशी 130 किलोमीटरचा बॉल म्हणजे सेकंदाला 36 मीटर. तो टाकणारा बॉलर क्रीजवर येतो तेव्हा त्याचं अंग सेकंदाला साधारण 6 मीटरनं पुढे जात असतं. वेगवान बॉलरांची मोजमापं घेऊन झालेल्या अभ्यासांत वेगाशी जुळणाऱ्या चार गोष्टी ठळक दिसल्या: क्रीजवर येतानाचा वेग, पुढचा गुडघा सरळ राहणं, पुढचा पाय टेकल्यापासून बॉल सुटेपर्यंत छाती किती पुढे वाकते, आणि बॉलचा हात किती उशिरा वर येतो. खांद्याची ताकद यात नाही.

पुढचा पाय टेकला की जमीन उलटा धक्का देते. हा उभा धक्का अंगाच्या वजनाच्या पाच ते आठ पट असतो. मागच्या पायावर तो दोन-तीन पटच असतो. 65 किलोच्या पोराचा धक्का सहा पट धरला तर 390 किलो होतात, म्हणजे जवळजवळ चार क्विंटल. चार ओव्हर टाकल्या की एका पायानं, एका कमरेनं चोवीस वेळा, सगळा हिशेब केला तर नव्वद क्विंटलच्या वर भार झेलला. आणि दर वेळी हा धक्का पाय टेकल्यापासून बॉल सुटेपर्यंतच्या सेकंदाच्या दहाव्या भागात बसतो. बॉलिंगची सुरक्षितता म्हणजे हा भार अंगातून कोणत्या वाटेनं वर जातो, याची काळजी.

गुडघ्याचं आधी. पाय टेकल्यावर तीन प्रकार दिसतात. काहींचा गुडघा सरळ टेकतो आणि सरळच राहतो. काहींचा थोडा वाकतो आणि बॉल सुटेपर्यंत पुन्हा सरळ होतो. काहींचा वाकतो आणि वाकतच जातो. तिसऱ्या प्रकारात चाक दगडाला अडण्याऐवजी चिखलात रुततं. गती गुडघ्यातच जिरते आणि बॉल सुटण्याची उंचीही कमी होते. पहिल्या प्रकारात सगळ्यात जास्त वेग मिळतो, पण धक्काही सगळ्यात कडक बसतो. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला "गुडघा सरळ ठेव" असं ओरडून सांगू नये. मांडी, कुल्ला आणि पोटरीत ताकद आली की गुडघा आपोआप कमी वाकतो. तोपर्यंत थोडा वाकून पुन्हा सरळ होणारा गुडघा त्याच्यासाठी चांगला. टाच आधी टेकली तर पाय रोवायला मदत होते. चवड्यावर उतरणाऱ्याचा गुडघा बहुधा ढासळतो.

पाय कुठे पडतो तेही पाहावं. उजव्या हाताच्या बॉलरचा मागचा पाय, पुढचा पाय आणि समोरचे स्टंप साधारण एका रेषेत हवेत. डावा पाय रेषा ओलांडून उजवीकडे पडला तर कंबर अडते, पुढे फिरू शकत नाही, आणि हात वर आणायला धड डावीकडे वाकवावं लागतं. पाय फारच डावीकडे पडला तर अंग तिकडे लवंडतं आणि बॉल लाईनवर राहत नाही. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं.

आता रनअप. तो किती लांब असावा याला ठरीव उत्तर नाही. 15 ते 25 मीटरमध्ये बहुतेकांचं काम होतं. तो मोजायची सोपी रीत अशी: पॉपिंग क्रीजवर (बॉल टाकताना पुढच्या पायाचा काही भाग जिच्या मागे हवा ती रेघ) उभं राहा, तोंड बाउंड्रीकडे करा, आणि नेहमीच्या लयीत धावत जाऊन उडी मारून मोकळ्या हातानं बॉल टाकल्यासारखं करा. पुढचा पाय पडला तिथे मित्रानं खडा ठेवायचा. असं सहा वेळा करा. जिथे जास्त खडे जमतील ती तुमची सुरुवात. क्रीजपासून तिथपर्यंत दोरी ताणून गाठ मारून ठेवा. परगावच्या मैदानावर पावलं मोजण्यापेक्षा ही गाठीची दोरी जास्त भरवशाची, कारण चालण्याची पावलं उत्साहात लांब पडतात. नो-बॉलची निम्मी भांडणं या दोरीनं मिटतात.

रनअपमध्ये दोन चुका फार दिसतात. सुरुवातीला जोरात पळून शेवटच्या तीन-चार पावलांत मंदावणं ही एक. तिथे हरवलेली गती परत मिळत नाही. दुसरी म्हणजे उंच उडी. उडी पुढे जायला हवी. वर जितके जाल तितकं जोरात खाली पडाल आणि पुढची गती तितकी कमी होईल. टीव्हीवर उंच उडी देखणी दिसते, म्हणून पोरं तीच आधी उचलतात. तेच बुमराहच्या बाबतीत. त्याचा अडखळता छोटा रनअप सगळे उचलतात, पण त्याचा कोपर उलट्या बाजूला जास्त ताणला जातो, पुढचा गुडघा खांबासारखा राहतो आणि हात खूप उशिरा येतो. त्याचा वेग तिथून येतो. त्या गोष्टी नसताना नुसता रनअप छोटा केला तर हाती फक्त कमी वेग उरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कंबर.

मागचा पाय टेकतो त्या क्षणी अंग कोणत्या दिशेला आहे, यावरून बॉलिंग अ‍ॅक्शनचे प्रकार ठरतात. साइड-ऑनमध्ये मागचं पाऊल क्रीजला समांतर, कंबर आणि खांदे दोन्ही आडवे, छाती बाजूला. फ्रंट-ऑनमध्ये पावलाचा अंगठा बॅट्समनकडे, कंबर आणि छातीही त्याच्याकडे. सेमी-ओपनमध्ये सगळं मधल्या कोनात. हे तिन्ही प्रकार चालतात. अडचण चौथ्यात आहे, मिक्स्ड अ‍ॅक्शनमध्ये: कंबर एका दिशेला, खांदे दुसऱ्या. सगळ्यात जास्त दिसणारा नमुना म्हणजे पाऊल आणि कंबर बॅट्समनकडे उघडी पडलेली, पण खांदे मात्र मागे खेचून आडवे केलेले. मागचा पाय टेकल्यापासून पुढचा पाय टेकेपर्यंत खांदे असे साधारण 30 अंशांहून जास्त उलटे फिरले तर ती अ‍ॅक्शन धोक्याची समजावी.

यात खराब सल्ल्याचा मोठा वाटा आहे. "डाव्या खांद्यावरून बॅट्समनला बघ" हे वाक्य साइड-ऑन बॉलरसाठी बरोबर आहे. फ्रंट-ऑन पाऊल टाकणाऱ्या पोराला तेच सांगितलं की तो पाऊल तसंच ठेवतो आणि फक्त खांदे वळवतो. चांगल्या हेतूनं आपण त्याची अ‍ॅक्शन मिक्स्ड करून टाकतो. अ‍ॅक्शन ठरवताना मागच्या पावलापासून सुरुवात करावी. पाऊल नैसर्गिकपणे जिकडे पडतं, त्याच दिशेला कंबर आणि खांदे न्यावेत. फ्रंट-ऑन पोरानं डाव्या हाताच्या आतल्या बाजूनं बघितलं तर काही बिघडत नाही.

मिक्स्ड अ‍ॅक्शननं नेमकं काय मोडतं? कमरेच्या प्रत्येक मणक्याच्या मागच्या कमानीत दोन्ही बाजूंना हाडाचा एक अरुंद पूल असतो. पुढचा पाय टेकतो तेव्हा चार क्विंटलचा धक्का वर येतो, त्याच क्षणी धड पिळलेलं असतं, डावीकडे झुकलेलं असतं आणि थोडं मागेही वाकलेलं असतं. हे तिन्ही एकत्र आले की खालचे दोन मणके, चौथा आणि पाचवा, त्या अरुंद पुलावर सगळा भार घेतात. उजव्या हाताच्या बॉलरला हे बहुतेक वेळा डाव्या बाजूला होतं. कुंपणाची तार एका जागी वीस वेळा वाकवली तर तुटत नाही, पण वाकवतच राहिलो तर एक दिवस नुसत्या हातानं तुटते. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला गेलेला तडा, असंच होतं. एका बॉलनं ते होत नाही, म्हणून ते नेमकं कधी सुरू झालं हे कुणाला सांगता येत नाही. कमरेची हाडं विशी ओलांडल्यावरही पक्की होत असतात, त्यामुळे पंधरा ते बावीस वर्षांची पोरं सगळ्यात जास्त धोक्यात.

मोठमोठे यातून सुटले नाहीत. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली 1973 मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यावर याच दुखण्यानं बसला, अ‍ॅक्शन सुधारून परतला, आणि पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये 1987 पासून आपल्या पोरांना शिकवू लागला. बुमराहला 2019 मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आणि 2023 मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली.

आपली अ‍ॅक्शन कशी आहे ते पाहायला आता कुठल्या अकादमीची गरज नाही. मोबाईलच्या स्लो मोशनवर दोन व्हिडिओ काढा. एक बॉलरच्या बरोबर मागून, दुसरा क्रीजच्या रेषेत बाजूनं. मोबाईल हातात न धरता कमरेच्या उंचीवर विटांवर ठेवा आणि टी-शर्ट पँटमध्ये खोचा, नाहीतर कंबर दिसत नाही. मागून काढलेला व्हिडिओ मागचा पाय टेकला तिथे थांबवा: पाऊल, कंबर, खांदे एकाच दिशेला आहेत का? मग पुढचा पाय टेकेपर्यंत एकेक फ्रेम पुढे न्या: या वेळात खांदे आणखी मागे गेले का? बॉल सुटताना धड डावीकडे किती झुकलं? थोडं झुकणं सगळ्यांचंच असतं. डोकं पुढच्या पायाच्या बाहेर लटकत असेल तर जास्त झालं. बाजूच्या व्हिडिओत गुडघा बघा, आणि पुढचा पाय टेकला तेव्हा बॉलचा हात कुठे आहे तेही बघा. तो अजून मागे, कमरेच्या आसपास हवा. तेव्हाच तो डोक्यावर पोचला असेल तर खालून येणारी गती त्याच्यापर्यंत पोचायच्या आत बॉल सुटून जातो.

बॉल न टाकणाऱ्या हाताकडे कुणी लक्ष देत नाही. तो वर, समोर जावा आणि मग कोपर बरगड्यांजवळून खाली ओढला जावा. तो बाजूला फेकला तर अंग त्याच्या मागे जातं आणि झुकणं वाढतं. चुकीचं झुकणं सुधारताना अनेकदा आधी हा हात सुधारावा लागतो.

कोपराबद्दल थोडक्यात. आयसीसीच्या नियमानं हात खांद्याच्या उंचीवर आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर 15 अंशांहून जास्त सरळ होता कामा नये. टेनिस बॉलवर फेकी बॉलिंगची सवय लवकर लागते, कारण बॉल हलका असतो आणि कोपराच्या झटक्यानं तो वेग घेतो. टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास भरतो, लेदरचा 156 ते 163 ग्रॅम, म्हणजे पावणेतीन पट. तोच झटका लेदरच्या बॉलला दिला की कोपराच्या आतली बाजू दुखू लागते, आणि अंपायरही नो-बॉल देतो. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी 133 ते 144 ग्रॅमचा आणि महिलांसाठी 140 ते 151 ग्रॅमचा बॉल नियमात आहे. शाळेसाठी बॉल घेताना हे बघून घ्यावं.

विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव वलनीच्या खाण कामगाराचा मुलगा. लेदरच्या बॉलपर्यंत तो विशीच्या आसपास पोचला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत पहिली कसोटी खेळला. त्याच महिन्यात जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्स अठराव्या वर्षी पहिली कसोटी खेळला, आणि दुखापतींमुळे त्याची पुढची कसोटी थेट मार्च 2017 मध्ये रांचीला झाली. त्या सामन्यात समोर उमेशही होता. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण लेदरचा बॉल उशिरा हातात आला म्हणून आपलं संपलं असं वाटणाऱ्या पोरानं एवढं लक्षात ठेवावं की, उशीर झाला म्हणून घाई करायचं कारण नाही.

घाई म्हणजे काय, तर आठवडाभरात टेनिसवरून लेदरवर जाऊन रोज दहा ओव्हर टाकणं. माझ्या मते पहिले दोन आठवडे आठवड्याला दोनच दिवस, दिवसाला 18 ते 24 बॉल, तेही तीन-चतुर्थांश जोरानं. पुढे दर आठवड्याला एक-एक ओव्हर वाढवावी आणि दोन बॉलिंगच्या दिवसांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. नेटमधले बॉलही मोजावेत. अंगाला मॅच आणि नेट यातला फरक कळत नाही.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं मुलांच्या फास्ट बॉलिंगला घालून दिलेली मर्यादा आपल्याकडे वापरण्यासारखी आहे: तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये (एका दमात, मध्ये विश्रांती न घेता) 5 आणि दिवसात 10 ओव्हर, पंधरापर्यंत 6 आणि 12, त्यापुढे एकोणिसापर्यंत 7 आणि 18. आपल्या टुर्नामेंटमध्ये एका मॅचला दोनच ओव्हर असतात, म्हणून कुणाला काळजी वाटत नाही. पण दिवसाला तीन मॅच म्हणजे 36 बॉल, आणि मॅचच्या मध्ये दोन-दोन तास अंग थंड पडलेलं. असे दहा दिवस लागोपाठ गेले की 360 बॉल होतात. शिवाय सकाळी वावरात पाणी दिलेलं असतं. आयोजकांनी बक्षिसाची रक्कम वाढवण्यापेक्षा मध्ये एक दिवस सोडला तर पोरांवर जास्त उपकार होतील.

मैदानाचं दुखणं वेगळंच. काळ्या मातीला भेगा पडतात, आणि पुढचा पाय रोज एकाच ठिकाणी पडून खड्डा होतो. खड्ड्याच्या काठावर पाय पडला की घोटा मुरगळतो, तळाशी पडला की गुडघा ढासळतो. लोक घाईत त्यात कोरडा मुरूम ओततात. सुटा मुरूम पायाखाली गोट्यांसारखा सरकतो, हे खड्ड्याहून वाईट. खड्डा आधी झाडून सुटी माती काढावी, थोडं पाणी शिंपडावं, चाळलेली ओलसर काळी माती तीन-चार थरांत भरावी आणि प्रत्येक थर धुम्मसनं ठोकावा. हे मॅचच्या आदल्या संध्याकाळी करावं, रात्रभर बसू द्यावं. सिमेंटच्या विकेटवर मॅट असेल तर पाय पडतो तिथे मॅटची कड किंवा खिळा येत नाही ना ते हात फिरवून बघावं. सिमेंटवर सराव करणाऱ्यांनी बॉलची संख्या आणखी कमी ठेवावी.

बुटाची टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली असेल तर बॉलिंगसाठी तो बूट संपला. खिळ्यांचे बूट मातीवर चांगले, सिमेंटवर घसरतात. अंगठ्याचं नख काळं पडत असेल तर पुढच्या पायाचा बूट लहान आहे, किंवा पाय आत सरकतो आहे. नाडी घोट्याजवळ घट्ट बांधावी.

शेतातल्या कामानं दम आणि पकड येते, पण एका पायावर पडणारा धक्का झेलायची ताकद वेगळी करावी लागते. एक पाय पुढे ठेवून बसकण, प्रत्येक पायाला 8 वेळा, तीन फेऱ्या. एका पायावर टाच उचलणं, 15 वेळा, तीन फेऱ्या. कुशीवर कोपराच्या आधारानं अंग सरळ धरणं, दोन्ही बाजूंना 30-30 सेकंद, तीन वेळा. ओट्याच्या एका पायरीवरून एका पायावर उतरून तिथेच स्थिर राहणं, प्रत्येक पायाला 6 वेळा. गुडघा आत वळत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. खांद्यासाठी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा, कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर ओढा, 15 वेळा. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. एप्रिल-मेमध्ये बॉलिंग सकाळी आठच्या आत संपवावी.

आणि दुखलं तर? बॉलिंगनंतर दोन्ही बाजूंची पाठ सारखी आखडली आणि दोन दिवसांत मोकळी झाली, तर ते स्नायूंचं. कंबर एकाच बाजूला, बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखते, मागे वाकलं की वाढते, आराम केला की थांबते आणि बॉल टाकला की परत येते, तर बॉलिंग त्याच दिवशी थांबवावी. सुरुवातीला एक्स-रेमध्ये बहुधा काही दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून परत खेळायला लागलेली पोरं यातच अडकतात. हाडाच्या आत आलेली सूज एमआरआयमध्ये दिसते, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना आपण फास्ट बॉलिंग करतो आणि किती बॉल टाकतो हे स्पष्ट सांगावं. मॅचआधी गोळी घेऊन खेळू नये, आणि कंबर कडकड मोडून घेऊ नये. लवकर पकडलं तर हाड भरून येतं, पण त्याला महिने लागतात, आठवडे नाही. या काळात अ‍ॅक्शनचं काम उभ्या जागेवरून, बॉल न सोडता, आरशासमोर करता येतं. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर पहिल्या दिवशी उभ्या जागेवरून 12 बॉल, एक दिवस सोडून चार पावलांवरून 12, आणि पूर्ण रनअप तिसऱ्या आठवड्याच्या आत नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मागे वाकून बघावं. ती जुनी जागा बोलली तर एक पायरी खाली उतरावं.